कडक भाकरी मुलुंडला गेली, त्याची गोष्ट

मुंबईहून परतलेल्या माणसाला आमच्या गावात पहिला प्रश्न एकच असतो: समुद्र बघितला का? मी बघितला नाही. माझी मुंबई मानखुर्दला सुरू झाली आणि मुलुंडला संपली, आणि मधल्या भागात समुद्र लागत नाही. त्याऐवजी मी पुठ्ठ्याच्या चकत्या कापणारं यंत्र बघितलं, डोक्यावरून जाणारी मेट्रो बघितली, आणि आमच्या दत्तूअण्णांना भर दुपारी एका अनोळखी म्हाताऱ्यासमोर खोटं बोलताना बघितलं. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. समुद्राची वर्णनं इतरांनी पुष्कळ करून ठेवली आहेत.

आधी आम्ही का गेलो ते सांगते. आमच्या सोलापूरकडच्या गावात पाच शेतकऱ्यांनी मिळून एक गट केला आहे. पाच जणांची पाच रानं, म्हणून नाव ठेवलं पाचरान. दत्तूअण्णा त्याचे अध्यक्ष. पाचातली एक माझी चुलती, कमलकाकी. अंधेरीतल्या एका संस्थेनं या गटाला प्रशिक्षणाला बोलावलं. पत्रावर विषय छापला होता: पारंपरिक शेतकऱ्यांमध्ये उद्योजकीय मानसिकता घडवणे. ते वाचूनच माझं डोकं फिरलं. घडवायला शेतकरी म्हणजे मडकं आहे का? माझे वडील सभांहून येताना पत्रकं घेऊन यायचे, आणि घरात दुसरं वाचायला काही नसल्यामुळे मी अक्षरं त्यांवरच शिकले. ‘बदक’ वाचता येण्याच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. त्यामुळे छापील कागद हातात आला की मी आधी भांडायला उभी राहते आणि नंतर पूर्ण वाचते.

काकी मात्र निघाली होती ती एका अगदी साध्या कामासाठी. ती कडक भाकरी करते. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून, वर तीळ लावून, पापडासारखी पातळ थापून, आधी तव्यावर आणि मग मंद निखाऱ्यावर खडखडीत वाळवलेली. महिनाभर टिकते. ही भाकरी पाचरानच्या नावानं विकली जावी एवढीच तिची मागणी होती. गट तिची ज्वारी घेत होता. तिची काळी जमीन चांगली आहे आणि ज्वारी सगळ्यांच्या पोत्यात मिसळली की कुणाची कोणती ते कळत नाही. भाकरीचा विषय निघाला की अण्णा म्हणायचे, “बघू वैनी.” दोन वर्षं ते बघतच होते. आम्ही बौद्ध. आमच्या घरचं धान्य गावाला चालतं, आमच्या चुलीवरचं चालत नाही. हे गावात कुणी बोलून दाखवत नाही, कारण बोलायची गरज पडत नाही.

काकीला अक्षरं लागतात पण मोबाइलवरचं सगळं जमत नाही, म्हणून सोबतीला मी.

मानखुर्द

बाकीचे चौघे संस्थेच्या अंधेरीतल्या निवासात उतरले. आम्हालाही खोली होती, पण काकीची धाकटी बहीण शालूमावशी मानखुर्दला राहते, आणि बहीण असताना खोलीत राहिलो असतो तर ती पुढची दहा वर्षं बोलली नसती.

मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीला मधे पडदा लावून दोन केलेलं. तिचे यजमान प्रकाशकाका साकीनाक्याला पिशव्यांच्या कारखान्यात यंत्रावर काम करतात. त्यांचं मराठी ऐकायला मला फार मजा आली. आमच्याकडे पाहुणा आला की आधी गूळपाणी, मग ख्यालीखुशाली, मग पीकपाणी. प्रकाशकाकांनी दार उघडलं आणि म्हणाले, “या ताई, बसा. हे काय एवढं सामान? घर बांधायला आलात काय?” आणि लगेच काकीच्या डब्याचं झाकण उघडून भाकरीचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला.

त्या तुकड्याच्या आवाजानं मजला जागा झाला असं मी म्हटलं तर माझ्यावर विश्वास ठेवा. शेजारची एक बाई आली, ती नर्स आहे, मूळची लातूरकडची. मग पलीकडचा एक जण आला, तो बँकेत आहे, त्याचं आजोळ अकलूजकडे. मग मेट्रोत सुरक्षारक्षक असलेली एक मुलगी. जिन्यातून सगळे ‘जय भीम’ करत येत होते आणि येताना आपापली वाटी घेऊन येत होते, कुणी दही, कुणी शेंगदाण्याची चटणी. नर्सबाईंनी भाकरी वाटीत चुरली, वर आमटी ओतली आणि वाटी चाटूनपुसून संपवली. मग म्हणाल्या, “आई गेल्यापासून खाल्ली नव्हती हो.”

काकी एका कोपऱ्यात बसून हे बघत होती. तिला चार जण एका वेळी सांगत होते की इथे पाठवत जा, आम्ही विकत घेतो. ती फक्त विचारत होती, “खरंच घेताल? की पाहुणी म्हणून म्हणताय?” त्यावर प्रकाशकाका म्हणाले, “ताई, मुंबईत कुणी पाहुणा म्हणून पैसे देत नाही. इथे फुकट दिलं तरी लोक विचारतात, लोच्या काय आहे?”

अंधेरी

घाटकोपरहून मेट्रोनं जाताना खाली छपरांवर निळे प्लास्टिक आणि टायर दिसतात, आणि थोडं पुढे एकदम काचेच्या इमारती. औद्योगिक वसाहतीतल्या अशाच एका इमारतीत आमचा वर्ग होता. थंड एवढा की दत्तूअण्णांनी खांद्यावरचं उपरणं कानाभोवती गुंडाळलं.

शिकवणाऱ्या ऋचा मॅडम. वय माझ्याएवढंच असेल, राहणार मुलुंड, तिथे त्यांच्या घराची तिसरी पिढी. मी मनात भांडणाची पूर्ण तयारी करून बसले होते, आणि पहिल्या तासाला त्यांनी तशी संधीही दिली. त्यांनी विचारलं, तुम्ही काय विकता? अण्णा म्हणाले, ज्वारी. मॅडम म्हणाल्या, नाही, तुम्ही आरोग्य विकता. अण्णांनी जरा विचार केला.

“मग ते मोजायचं कशात? काट्यावर का पायलीनं?”

सगळे हसले, मॅडमही हसल्या. त्यांनी ते वाक्य फळ्यावरून पुसून टाकलं. तिथून पुढे मला त्यांच्याशी भांडणं अवघड जायला लागलं.

त्यांची काही शिकवण मला अजूनही पटलेली नाही. शेतकरी मागे पडला तो त्याच्या मनातल्या अडथळ्यामुळे, असं त्या दिवसभर म्हणत होत्या. मी हात वर करून म्हटलं, भाव पाडणाऱ्याच्या मनात काय असतं, तेही कधी शिकवा. त्या म्हणाल्या, ते मला शिकवता येत नाही, मला एवढंच येतं. हे उत्तर प्रामाणिक होतं. माझ्या वाचनात आलेल्या कुठल्याच पत्रकात शत्रू असं बोलत नाही.

काही गोष्टी मात्र उपयोगाच्या निघाल्या. त्यांनी सांगितलं, डोळे मिटा आणि तुमचं एक गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा. अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, मला अडत्याच दिसतोय. काकीला नर्सबाई दिसली. तिचं घर, तिची रात्रपाळी, ती भाकरी कशात चुरते, सगळं काकीनं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि फोटो टाका, शहरातल्या माणसाला हात कुणाचा आहे ते बघायला आवडतं. हे ऐकून काकीनं माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा पाणी पीत होते.

आणि एक धडा सौदा कसा करावा याचा. समोरच्यापाशी काय आहे ते नंतर बघा, असं मॅडम म्हणाल्या. आधी हे शोधा की तुमच्यावाचून कुणाचं काम अडतं. काकीनं हात वर केला आणि म्हणाली, “बाई, एवढंच परत सांगा.” मॅडमनी परत सांगितलं.

दुपारी खालच्या कँटीनमध्ये अण्णा आमच्याच टेबलाला येऊन बसले. ते तसे मायाळू. माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या ताटातलं लिंबू ठेवलं. त्यांनी छोले खाल्ले, भात खाल्ला, दोनदा रस्सा मागून घेतला. त्या मुदपाकखान्यात कोण रांधतं, कुठल्या गावचं, कुठल्या जातीचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यांना कुणी सांगितलंही नसतं. मी जेवता जेवता विचार करत होते. मुंबईत भाजी परतणाऱ्या हाताला नाव नसतं, म्हणून तो हात चालतो. आणि इथली मॅडम सांगते आहे की हाताला नाव द्या. काकीनं मॅडमचं ऐकलं तर मुंबईत तिचा माल खपेल, आणि त्याच नावामुळे गावात तो अण्णांना हातात धरता येणार नाही.

साकीनाका

भाकरीची अडचण निराळीच होती. संस्थेनं दिलेल्या चकचकीत पिशवीत ती टिकत नव्हती. अंधेरीहून मानखुर्दला नेईपर्यंत चुरा. प्रकाशकाकांनी पिशवी कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, “ताई, हिची तर वाट लागली. उद्या माझ्याकडे या.”

साकीनाक्याच्या गल्ल्या मला फार आवडल्या. आमच्याकडे गल्लीत एक सुतार, एक लोहार. इथे एका जिन्यात कुणी बटणं पाडतं, वरच्या मजल्यावर कुणी बूट शिवतं, त्याच्यावर कुणी मूर्तींचे मुकुट करतं, आणि सगळे एकाच टपरीचा चहा पितात. प्रकाशकाकांच्या कारखान्याला लागून एक गाळा आहे, तिथे केकच्या खाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापतात. काकी दारातच थांबली. यंत्राचं पातं खाली यायचं आणि पुठ्ठ्यातून गोल चकती सुटून पडायची. ती कितीतरी वेळ तेच बघत राहिली.

मग तिनं एक चकती उचलली आणि तळव्यावर ठेवली, भाकरी ठेवतात तशी. वरून भाकरी, वरून दुसरी चकती. प्रकाशकाकांनी ते सगळं पिशवीत घालून तोंड बंद केलं आणि पिशवी टेबलावर आपटली. भाकरी शाबूत. शेजारच्या गाळ्यातले कामगारही बघायला आले होते, त्यांतला एक म्हणाला, “झकास, आता छतावरून टाका.” छतावरून टाकली नाही, पण काकीच्या चेहऱ्यावरून वाटलं की ती टाकेल.

फक्त चकती लहान होती आणि गावाहून आणलेल्या भाकऱ्या मोठ्या. म्हणून शनिवारी मानखुर्दच्या त्या मजल्यावर नव्यानं भाकऱ्या थापल्या. काकी थापत होती, मावशी भाजत होती, नर्सबाई रात्रपाळीहून येऊन न झोपता तीळ लावत होत्या. गॅसवर निखाऱ्याची चव येत नाही म्हणून काकी कुरकुरत होती. पहिल्या भाकऱ्या चकतीबाहेर जात होत्या. नंतर तिचा हात त्या मापाला बसला आणि ती म्हणाली, “आता गावी गेल्यावर मोठी थापता यायची न्हाई मला.”

मुलुंड

रविवारी संस्थेनं मुलुंडच्या एका मोठ्या सोसायटीच्या आवारात आमच्या गटाला टेबल मांडून दिलं. मॅडमच्या ओळखीची एक बाई बोरिवलीहून आली होती. तिची छोटी कंपनी सोसायट्यांमध्ये धान्य पोचवते. तिला वर्षभर ज्वारी हवी होती आणि सोबत काहीतरी तयार खायचं. ती बाजूच्या बाकावर बसून आमची विक्री बघत होती.

सोसायटी म्हणजे काय ते सांगते. आमच्या गावात जेवढी माणसं तेवढी एका आवारात, पण एकमेकांना नावानं ओळखणारी फार थोडी. झाडांना पाट्या. कुत्र्याला फिरवायची वेळ पाटीवर. लोक रांगेत येतात आणि भाव न करता घेतात. काकीला याची फार हळहळ वाटली. भाव केल्याशिवाय गिऱ्हाईकाशी ओळख कशी व्हायची, असं ती म्हणत होती.

अण्णा अध्यक्ष म्हणून पुढे उभे. पांढरे कपडे, फेटा, भरदार मिशा. फोटो काढायला लोक त्यांच्याच शेजारी येत होते. त्यांच्यासमोर ज्वारीच्या पिशव्या आणि त्यांना लागून काकीच्या भाकरीची पाकिटं. काकी आणि मी मागे.

दुपारी एक आजोबा आले. कापडी पिशवी, मोज्यांवर चपला, हिशेबी नजर. कुठल्यातरी सरकारी कचेरीतून निवृत्त झाले असणार. त्यांनी भाकरीचं पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

“हे कधीचं आहे?”

अण्णा म्हणाले, कालचं, ताजं.

“सगळेच ताजं म्हणतात. मागच्या महिन्यात इथूनच खाकरे घेतले, खवट निघाले. तुम्ही आधी एक खाऊन दाखवा. मग मी घेतो.”

मॅडमनी चवीला म्हणून एक पाकीट उघडून ताटलीत ठेवलंच होतं. आजोबांनी ताटली अण्णांसमोर सरकवली. त्यांच्या मागे रांग होती. बाकावरची खरेदीदार बाई मान वर करून बघत होती. आमचे बाकीचे तिघे ज्वारीच्या पोत्यांकडे बघायला लागले.

अण्णांचा हात ताटलीच्या काठापर्यंत गेला. मी तो बघितला आहे, म्हणून सांगते. तिथे थांबला.

“आज माझा उपास आहे,” ते म्हणाले. “चतुर्थी आहे.”

आजोबांनी चष्मा वर केला. “आज कसली चतुर्थी? संकष्टी होऊन गेली. आमच्या घरी मोदक झाले.”

“आमच्याकडं निराळी धरत्यात.”

“निराळी? पंचांग निराळं आहे का तुमच्याकडे?”

रांगेतले लोक हसले. त्यांना वाटलं, गावचा माणूस तिथी विसरला. त्याच माणसानं सकाळी स्टेशनबाहेर उभं राहून दोन वडापाव खाल्ले होते आणि मला तिसरा देऊ केला होता, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, पहिल्या ओळीपासून. काकीनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. मग तिनं मनगट सोडलं, पुढे गेली, ताटलीतली भाकरी उचलली आणि आजोबांसमोर उभी राहून खाल्ली. कडकड आवाज करत, घाई न करता, पूर्ण.

“मी केल्यात,” ती म्हणाली.

आजोबांनी दोन पाकिटं घेतली. संध्याकाळ व्हायच्या आत सगळी संपली. खरेदीदार बाई उठून आली आणि म्हणाली, पाचही रानांची ज्वारी आणि ही भाकरी, दोन्ही एकाच नावानं मला चालेल, उद्या अंधेरीला येऊन बोलणं पक्कं करते. अण्णा म्हणाले, ज्वारीचं नक्की. भाकरीचं बघू.

परत जाताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्यांना वाटलं होतं, गटात काही बिनसलं आहे, एखादा खेळ घेऊ का? मी त्यांना खेळ कशाचा ते सांगितलं. त्या म्हणाल्या, आता गावात असं काही राहिलं असेल असं वाटलं नव्हतं. मी विचारलं, तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंचा चहाचा कप कुठे ठेवता? प्रश्न टोचायला विचारला होता. त्या चिडल्या नाहीत. मुलुंडच्या त्या रस्त्यावर, रिक्षा शोधता शोधता, म्हणाल्या, “खिडकीत. आजी असताना ठेवायची. आजी गेली, पण कप अजून तिथेच आहे.” मग त्यांनी हात करून रिक्षा थांबवली.

पुन्हा अंधेरी

सोमवारी सकाळी, खरेदीदार बाई यायच्या आधी, गट त्या थंड खोलीत बसला. अण्णांनीच बोलायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, भाकरी चांगलीच आहे, प्रश्नच नाही. पण पाचरानच्या नावावर ती नको. वैनींनी वेगळं नाव घ्यावं, गट मदत करेल. बाकीचे तिघे टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या फिरवत होते.

“माझं काय न्हाई वैनी,” अण्णा म्हणाले. “पण गावात चार लोक काय म्हणतील, ते बी बघावं लागतं.”

“काल मुलुंडात गावचं कोण होतं, अण्णा?” काकीनं विचारलं.

अण्णांनी समोरची बाटली उघडली आणि पाणी प्यायले.

काकी पुढे बोलली ते अगदी शांतपणे, बाजारात भाव सांगावा तसं. “बाईंनी शिकवलं ना, आपल्यावाचून कुणाचं काम अडतं ते बघा. मी बघितलं. माझ्या रानाची ज्वारी काढली तर त्या बोरिवलीच्या बाईला पाहिजे तेवढी तुमची भरत न्हाई. मग एकच ठरलं. जाईल तर दोन्ही जाईल, ज्वारी बी आणि भाकरी बी, पाचरानच्या नावानं. आणि भाकरीवर करणारीचं नाव, आडनावासकट. न्हाई तर माझी ज्वारी माझ्या घरी.”

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. “हे ह्या पोरीनं शिकवलं तुम्हाला.”

“न्हाई. हे इथंच शिकवलं. तुम्ही माझ्या शेजारीच बसला होता.”

मॅडम खाली बघत होत्या. हसू येऊ नये म्हणून असावं. अण्णा उठून बाहेरच्या सज्जात गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती आणि खाली रिक्षांची रांग. तंबाखू मळायला त्यांनी हातावर घेतली आणि मग तशीच परत डबीत टाकली. आत आले, बसले आणि म्हणाले, “ठीक आहे. दोन्ही जाऊ द्या.”

खरेदीदार बाई आली. चहा आला, ताटलीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली. बाईनं खाल्ली, मॅडमनी खाल्ली, गटातल्या बाकीच्या तिघांतल्या एकानं इकडेतिकडे बघत एक तुकडा घेतला. अण्णांनी चहा घेतला. ताटली त्यांच्यापुढून दोनदा गेली.

परतीची वाट

बसमध्ये मी काकीला सोडलं नाही. तू अट घालायची होतीस तर पूर्ण घालायची, मी म्हटलं. आधी खा, मग ज्वारी देते, असं म्हणायचं होतं. ते तुझ्या हातचं खात नाहीत, फक्त तुझ्या भाकरीतून गटाचा धंदा वाढवतात. हे कसलं जिंकणं? मला वाटतं मी पनवेलपासून लोणावळ्यापर्यंत बोलत होते.

काकीनं सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर घाट होता.

“त्यांनी खावी म्हणून मी भाकरी थापत न्हाई, सुजा,” ती म्हणाली. “त्यांनी विकावी म्हणून थापते.”

मी म्हटलं, एवढं पुरे नाही. ती म्हणाली, न्हाईच पुरे, पण माझं तेवढं झालं, पुढचं तुझं तू बघ. आणि झोपली. मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. जेवणाच्या पंगतीवर मी अजून भांडणार आहे.

पण गेल्या आठवड्यात पहिली गाडी भरायची होती, ते सांगून थांबते. गाडी चौकात उभी होती. पारावर नेहमीची मंडळी, दुकानात गिऱ्हाईक, पाण्याच्या टाकीवर बाया. बोरिवलीच्या बाईचा फोन आला, पाकिटांवर लावायच्या लेबलावर छापायचं नाव एकदा नीट सांगा म्हणून. गावात रेंज धड नाही. अण्णा एक कान बोटानं दाबून चौकाच्या मधोमध आले आणि ओरडून नाव सांगायला लागले. तिकडून ऐकू जाईना. त्यांनी परत सांगितलं, आणखी मोठ्यानं. पारावरची मंडळी वळून बघायला लागली. काकी गाडीपाशी पाकिटं लावत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते.

“कमल,” अण्णा म्हणाले. “कमल सुदाम कांबळे. कांबळे. हां, हां, आमच्याच गटाच्या.”